मालवीय नगरच्या गच्चीवरचे तीन देश

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची पिशवी असते ना, तसं ते होतं. एक आत कोंबली, दुसरी कोंबली, आणि एक दिवस दार लागेना म्हणून बघावं तर ही थप्पी! आमच्या केंद्राच्या किश्श्यांचं माझ्याकडे तेच झालंय. घरी कोणी आलं, चहा झाला, की आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, "अगं, तो बोटाचा सांग." मग एकातून दुसरा निघतो आणि चहा परत टाकावा लागतो.

आधी केंद्राविषयी. जयपूरच्या मालवीय नगरात एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर गच्ची आहे आणि गच्चीवर एक लांबलचक खोली. दारावर पाटी, 'लघु राष्ट्र अध्ययन केंद्र'. खाली मुलं डॉक्टर-इंजिनियर व्हायला घासत असतात. वर आम्ही चार-पाच माणसं एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया ह्या तीन शेजारी देशांच्या आजच्या राजकारणाचा आणि समाजाचा अभ्यास करतो.

का? हा प्रश्न मला साताऱ्याच्या नणंदेपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. मी माथुर सरांचं उत्तर पुढे करते. सर आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी हे केंद्र काढलं. ते म्हणतात, "बड़े देश अख़बार में ख़ुद चले आते हैं. छोटे देशों को बुलाना पड़ता है."

आता खरी गंमत. आमच्यातलं कोणीही तिथे कधी गेलेलं नाही. सरसुद्धा नाहीत!

* * *

सुभेदारांची शेवटची बदली जयपूरला झाली. ते रिटायर झाले आणि आम्ही इथेच राहिलो. मी घरात बसून कंटाळले होते, म्हणून केंद्रात ग्रंथपाल म्हणून लागले. पुस्तकं एका कपाटात मावतील एवढीच. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मैडम, किताबें तो आप संभाल लेंगी. देश कौन-सा लेंगी?"

केंद्राची पद्धतच तशी आहे. प्रत्येकाने एक देश घ्यायचा. आठवडाभर तिथली वर्तमानपत्रं कॉम्प्युटरकडून इंग्रजीत उलथीपालथी करून घेऊन वाचायची आणि शनिवारी चार वाजता घरची बातमी सांगावी तशी सांगायची. निवडणूक, शाळा, विजेचे दर, म्हाताऱ्यांचं पेन्शन, सगळं. परक्यासारखं बोललेलं सरांना खपत नाही. मला लाटव्हिया आला.

पहिले काही महिने मी नुसती वाचत होते. मग हळूहळू काय होतं, सांगता येत नाही. दुपारी कूलर चालू असतो, त्यातला वाळा ओला असतो, डोळे अर्धे मिटलेले असतात, आणि आपण एका गावातल्या शाळेबद्दल वाचत असतो. गावात मुलंच उरलेली नाहीत म्हणून ती बंद करणार आहेत. बाई शेवटच्या दिवशी फळा पुसत नाहीत. आपल्याला भरून येतं. उठून पाणी प्यायला गच्चीवर यावं तर समोर मालवीय नगरच्या पाण्याच्या टाक्या. दोन मिनिटं कळतच नाही की आपण कुठे आहोत.

अशाच एका मे महिन्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, काय म्हणतंय तुमच्याकडे हवापाणी?"

मी म्हटलं, "आता बरंय. बर्फ वितळलं एकदाचं!"

पलीकडून नणंदेने आधी घसा साफ केला. मग हळूच, "दादाला फोन दे बरं."

* * *

पुढचं सांगायच्या आधी प्रज्ञाची ओळख हवी, कारण यंदाचं वर्ष सगळं तिच्या भोवती फिरलं.

प्रज्ञा गजभिये आमच्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात हुशार. आईवडील भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत स्टेशन मास्तर, चाकसूच्या बाजूला एका छोट्या स्टेशनावर. ही जन्मली वाढली जयपुरात, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालतं. "काकू, मतलब, मी काय म्हणते की..." अशी तिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात. तिच्याकडे एस्टोनिया.

एस्टोनिया आणि लाटव्हियाच्या सीमेवर एक गाव आहे. अर्धं ह्या देशात, अर्धं त्या. एस्टोनियातल्या अर्ध्याला वाल्गा म्हणतात आणि लाटव्हियातल्या अर्ध्याला वाल्का. मधे आता कुंपण नाही, पहारा नाही. लोक एका देशात राहतात आणि भाजी दुसऱ्या देशातून आणतात. प्रज्ञाला त्या गावात राहून तिथल्या माणसांचा अभ्यास करायचा होता. यंदाच्या जुलैत तिकडच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. दोन वर्षांची फेलोशिप, जानेवारीत हजर व्हायचं, होकार ऑक्टोबर संपायच्या आत कळवायचा.

सरांनी ते पत्र चारदा वाचलं. केंद्रातलं पहिलं माणूस तिकडे जाणार होतं! आई त्याच दिवशी तयार झाली. गजभिये काका मात्र म्हणाले, "नाई."

का, ते सांगेनात. प्रज्ञा वडिलांना दुखवून जाणारी नव्हती. ती रोज केंद्रात येई, काम करी, आणि कॅलेंडरकडे बघणं टाळी. मला तिचं फार वाईट वाटायचं.

हे एवढं लक्षात ठेवा. आता जरा मागे जाऊ.

* * *

केंद्राच्या भिंतीवर एकच घड्याळ आहे आणि ते तिकडची वेळ दाखवतं. मोबाइल दारातल्या टोपलीत टाकूनच आत यायचं, हा सरांचा नियम. त्यामुळे जयपुरात किती वाजले हे हवं असेल तर उन्हाळ्यात त्या घड्याळात अडीच तास मिळवायचे आणि हिवाळ्यात साडेतीन. कारण तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारी केंद्र बंद असतं, म्हणून सरांनी शनिवारी सकाळीच घड्याळ मागे करून ठेवलं. कोणाला सांगितलं मात्र नाही! आम्ही आपले अडीच मिळवतोय. साडेपाच, साडेपाच म्हणत बसलोय.

खिडकीबाहेर अंधार पडला. कोणाला काही वाटायला हवं की नाही? पण प्रज्ञा नेमकी तेव्हा एस्टोनियात हिवाळ्यात किती लवकर अंधार होतो आणि त्याचा लोकांच्या मनावर काय परिणाम होतो, ते वाचून दाखवत होती. आम्ही खिडकीकडे बघत होतो आणि माना डोलावत होतो.

त्या दिवशी मला सुभेदारांबरोबर कॅन्टोन्मेंटमध्ये एका लग्नाच्या वाढदिवसाला जायचं होतं. ते कोट घालून, बूट चमकवून जिना चढून आले. दारात उभे राहिले. फौजी माणूस, आवाज शांत ठेवला, पण मिशी थरथरत होती.

"सर, टाइम क्या हुआ है?"

सरांनी पुस्तकातून मान वर केली, चष्मा पुसला आणि अगदी मनापासून विचारलं, "कहाँ?"

* * *

रामकिशोरजींकडे लिथुआनिया आहे. सांगानेरला त्यांचा ठशांनी कापड छापायचा कारखाना. केंद्रात पडद्याचं कापड विकायला आले होते. सरांचं व्याख्यान चालू होतं म्हणून मागे बसले. संपल्यावर विचारलं, "ये जो देश बताया, इसका कोई है?" सर म्हणाले नाही. "तो मैं देख लेता हूँ." अनाथ मूल घरी न्यावं तसं त्यांनी लिथुआनियाला नेलं.

माणूस भारी हौशी. त्यांनी तीन देशांचा नकाशा लाकडी ठशात कोरून घेतला. तीन ठसे, तीन रंग. एस्टोनिया निळा, लाटव्हिया डाळिंबी, लिथुआनिया हळदीचा पिवळा. आणि छापली एक मोठी चादर! सरांच्या टेबलावर अंथरायला.

चादर आली. सरांनी हात फिरवला, चष्मा वर केला, परत खाली केला. डाळिंबी रंग ओला असताना पसरला होता. माझ्या लाटव्हियाने दोन्हीकडे हातभर मुसंडी मारली होती.

रामकिशोरजी ओशाळले. "सरजी, सरहद फैल गई. कल तक ठीक करवा देता हूँ."

सर म्हणाले, "रहने दीजिए. इनको सरहद ठीक करने वालों ने बहुत सताया है."

पण रामकिशोरजींनी तोवर उरलेल्या कापडावर पन्नासेक चादरी छापून ठेवल्या होत्या. त्या दुकानात लावल्या. एक बाई आल्या, त्यांना रंग फार आवडला. "भैया, ये कौन-से पेड़ की पत्तियाँ हैं?"

रामकिशोरजी खोटं बोलत नाहीत. क्षणभर विचार करून म्हणाले, "बहनजी, ठंडे मुल्क का पेड़ है. तीन ही पत्ते आते हैं."

त्या बाईंनी सहा नेल्या. मालवीय नगरात कुणाकुणाच्या पलंगावर अजून आमचे तिन्ही देश दुपारचे झोपतात.

* * *

आता बोटाचा.

एका वर्षी सरांच्या मनात आलं की लाटव्हियाची निवडणूक आपण इथे करून बघू. तिकडे पक्ष भरपूर, कुणालाच बहुमत नाही, पाच-पाच जण मिळून सरकार. नुसतं वाचून ते अंगात मुरत नाही. मग मतपत्रिका छापल्या, खोक्याला भोक पाडलं, पडदा लावला. कोचिंगची मुलंही मधल्या सुट्टीत वर आली आणि मतं देऊन गेली.

रामकिशोरजी म्हणाले, "बिना स्याही के कैसा वोट?" आणि घरून छपाईच्या रंगाची बाटली घेऊन आले. डाव्या हाताच्या तर्जनीवर प्रत्येकाला रेघ. मी विचारलं, जाईल ना हो? ते अभिमानाने म्हणाले, "मैडम, सांगानेर का रंग है. सात धुलाई की गारंटी!"

आणि दोन दिवसांनी जयपुरात खरंखुरं मतदान होतं!

मी साबण लावला, लिंबू लावलं, तवा घासायची घासणी लावली. काही उपयोग नाही. रांगेत पदराखाली बोट लपवून उभी. टेबलावरच्या बाईंनी माझा हात धरला आणि बोटाकडे बघून चमकल्या.

"आप तो वोट डाल चुकी हैं."

"नहीं नहीं, वो दूसरा था."

"दूसरा कहाँ?"

मी घाबरले की खरं बोलते. म्हटलं, "लातविया में."

त्या बाई एकदा माझ्याकडे, एकदा यादीकडे बघतायत. माझ्या मागे धोतरातले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी शांतपणे विचारलं, "क्यों बहनजी, वहाँ लाइन छोटी थी क्या?"

यादीत माझ्या नावावर खूण नव्हती. आतून मोठे साहेब आले. त्यांनी माझं बोट उजेडात धरलं, नखाने खरवडलं आणि हसायला लागले. ते स्वतः सांगानेरचे होते. मग माझं मत घेतलं आणि शेजारच्या बोटाला खरी शाई लावली. महिनाभर माझ्या डाव्या हातावर दोन देश नांदत होते.

* * *

आता परत यंदाकडे.

काही दशकांपूर्वी ह्या तीन देशांतल्या माणसांनी एकमेकांचे हात धरून तिन्ही राजधान्या जोडणारी एक साखळी केली होती. तेव्हा ते दुसऱ्याच्या ताब्यात होते. सगळे रस्त्यावर आले आणि नुसते हात धरून उभे राहिले. ऑगस्टात तो दिवस येतो आणि आम्ही दरवर्षी सकाळी बागेत जाऊन हात धरून उभे राहतो. चार माणसांची साखळी. फार लांब जात नाही.

यंदा प्रज्ञाला स्कूटरवरून सोडायला गजभिये काका आले होते. मी म्हटलं, "काका, या ना. एक हात कमी पडतोय." माणूस संकोची. चपला काढायच्या की नाही तेही कळेना. शेवटी प्रज्ञाचा हात एका हाताने धरून उभे राहिले.

सकाळी बागेत फिरणारे लोक भरपूर. एका जाड्या काकांनी आम्हाला पाहिलं. त्यांना वाटलं, हास्यक्लबचा नवा प्रकार दिसतोय. त्यांनी येऊन गजभिये काकांचा रिकामा हात धरला. त्यांच्या मागून त्यांची बायको, मग योगावाल्या बायका, मग दूधवाला. हां हां म्हणता साखळी कारंज्याला वळसा घालून फाटकापर्यंत गेली! कुणालाच माहीत नाही की कशासाठी. पण हात सोडेना कोणी. पाऊस पडून गेलेला, गवत ओलं, मोर ओरडतायत. मला खरंच वाटलं की ही साखळी अशीच टोंक रोडने पुढे पुढे जात समुद्रापर्यंत पोचेल.

दहा मिनिटांनी जाड्या काकांनी तिकडून हाक मारली, "भाईसाहब, अब छोड़ दें?"

डोळे मिटलेले सर म्हणाले, "अभी नहीं. अभी आज़ादी नहीं मिली."

आणि लोक उभे राहिले की हो! वीस मिनिटं! गजभिये काकांनी सगळ्यांत शेवटी हात सोडले.

* * *

त्यानंतर काका शनिवारी यायला लागले. मागच्या खुर्चीत बसत. बोलत नसत. एकदा रामकिशोरजी सांगत होते की तिन्ही देशांत आता नवी रेल्वेलाइन टाकतायत. जुने रूळ मोठ्या शेजाऱ्याच्या मापाचे आहेत, नवे युरोपच्या मापाचे होणार. सरांनी त्यावर अर्धा तास सिद्धांत सांगितला. सार्वभौमत्व, पायाभूत सुविधा, प्रादेशिक ओळख. आमच्या डोळ्यांवर झापड आली.

मागून काका एकदम ताठ बसले. "म्हणजे गेज कन्व्हर्जन!"

पहिल्यांदाच बोलले. मग थांबेनातच. "मी नोकरीले लागलो तेव्हा जयपूरले मीटर गेज होतं मॅडम. मोठी गाडी आत येऊच शकत नव्हती. रूळ बदलले आन् गाव बदललं. आता मले समजलं हे लोक काय करून राहिले. त्यांनी पूर्वेचं दार छोटं केलं आन् पश्चिमेचं मोठं."

मी सरांना हिंदीत सांगितलं. सर आपल्या टिपणांकडे बघत बसले. मग त्यांनी ती पानं दुमडून खिशात ठेवली आणि काकांना विचारलं, "आप अगले शनिवार इस पर बोलेंगे?"

काका बोलले. दीड तास. फळ्यावर रुळांची मापं काढून. प्रज्ञा पहिल्या बाकावर बसून वही भरत होती. आम्हाला वाटलं, झालं काम, आता 'हो' म्हणतील.

चहाच्या वेळी मी विषय काढलाच. म्हटलं, "काका, मग पोरीला जाऊ द्या की."

काकांनी कप खाली ठेवला. तेव्हा पहिल्यांदा पोटातलं बोलले. "मॅडम, मी रोज रात्री त्या देशांची बातमी वाचतो. शेजारी केवढा हाये त्यांचा! एवढ्याशा देशात माणूस हरवत नाई, मानलं. पण देशच हरवला तं? पयले हरवला होताच ना? मी माह्या पोरीले कुठं शोधत फिरू?"

सर समजावू लागले. करार आहेत, मित्रदेश आहेत, अमुक आहे, तमुक आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुम्ही सगळे इथं बसून सांगून राहिले."

सरांनी टेबलावरच्या चादरीवरून हात फिरवला. आयुष्यभर ह्या माणसाने त्या तीन देशांवर प्रेम केलं, आणि तिथली माती कधी पायाला लागली नाही. त्या दिवशी ते फार थकल्यासारखे दिसले. मला काकांचा राग आला आणि त्यांचं पटलंही.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा पाहुण्यांना सांगत नाही.

रेल्वेत एक पद्धत असते. काकांनीच सांगितली. एका स्टेशनावरून गाडी सोडायची असेल तर तिथला स्टेशन मास्तर स्वतःच्या मनाने सोडू शकत नाही. तो पुढच्या स्टेशनला फोन करतो. पुढचा मास्तर आपली लाइन मोकळी आहे ह्याची खात्री करून घेतो आणि 'लाइन क्लिअर' देतो. नुसतं तोंडी नाही. सोबत दोन आकडी एक खाजगी नंबर देतो, प्रायव्हेट नंबर. तो ऐकायचा, परत म्हणून दाखवायचा, लिहून घ्यायचा. मगच सिग्नल पडतो. "गाडी माही असली तरी," काका म्हणाले, "लाइन क्लिअर मले नाई देता येत. पुढल्या स्टेशनानंच द्या लागते."

सप्टेंबरात त्यांनी कुणाला न सांगता एक पत्र लिहिलं. पाकिटावर पत्ता एवढाच: स्टेशन मास्तर, वाल्गा, एस्टोनिया. आत रेल्वेच्या इंग्रजीत एक पान. मी अमुक स्टेशनचा मास्तर, माझी एकुलती एक मुलगी दोन वर्षांसाठी आपल्या स्टेशनावर पाठवायची आहे, कृपया लाइन क्लिअर आहे का ते कळवावं. सोबत आपल्या पसंतीचा कोणताही दोन आकडी नंबर द्यावा, जो आपण दुसऱ्या कोणाला दिलेला नाही.

प्रज्ञाला नक्कल सापडली तेव्हा ती रडकुंडीला आली. "काकू, मतलब, कोण उत्तर देणार ह्याचं? हसतील तिकडे!"

मी तिची समजूत काढली, पण मलाही तेच वाटत होतं. होकार कळवायचे दिवस संपत आले. दोन शनिवार उरले. मग एक.

त्या शनिवारी काका ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यातच आले. हातात पाकीट. वर परदेशी तिकीट. फोडलेलं नव्हतं.

"मॅडम, तुमी वाचा. माह्याच्यानं होत नाई."

सरांनी पंखा बंद केला. रामकिशोरजी उठून उभे राहिले. मी चष्मा लावला. साधा कागद, मोठं थरथरतं अक्षर, सोपं इंग्रजी. मी तिथल्या तिथे मराठी-हिंदी करत वाचत गेले.

"प्रिय सहकारी, आमच्या स्टेशनात आता स्टेशन मास्तर नसतो. शेवटची मीच होते. पोस्टाच्या माणसाला ते माहीत आहे, म्हणून त्याने तुमचं पत्र माझ्या घरी आणून दिलं. उशीर झाला, कारण मला इंग्रजीसाठी नातीची वाट बघावी लागली.

"तुम्ही विचारलं आहे त्याचं कायमचं उत्तर इथे कोणाकडेच नाही. माझ्या आईकडेही नव्हतं, आणि तिने मला ह्याच गावात वाढवलं. मी तुम्हाला फक्त आजचं सांगू शकते.

"आज सकाळी मी कोट घालून स्टेशनावर गेले. फलाटाच्या टोकापर्यंत चालले. दोन्ही बाजूंना पाहिलं. लाइन क्लिअर आहे. नंबर चौसष्ट."

मी कागद खाली केला. प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून उभी होती. सरांनी चष्मा काढून हातात धरला होता.

गजभिये काका खुर्चीतून उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. खिशातून पेन काढलं, मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली आणि पाकिटाच्या पाठीवर ती लिहिली. मग स्टेशनावर फोन कानाला लावल्यावर बोलतात तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात, खिडकीकडे बघत म्हणाले,

"सिक्स फोर. सिक्स्टी फोर."